छोट्या विमानांतील कॉकपिट डिस्प्लेचे तापणे

छोट्या विमानाच्या पॅनलवर (वैमानिकासमोरच्या उपकरणफळीवर) बसवलेला किंवा वैमानिकाने सोबत आणलेला डिस्प्ले मर्यादेपलीकडे तापला, की आधी त्याचा उजेड मंद होतो आणि मग तो बंद पडतो. मोठ्या प्रवासी विमानांत उपकरणांसाठी थंड हवेची स्वतंत्र व्यवस्था असते. छोट्या विमानांत बहुधा दोन-चार पंख्यांवरच भागवावे लागते. त्रास मुख्यतः जमिनीवर होतो. वर गेल्यावर दर १,००० फुटांना हवा सुमारे २ अंश से. थंड होत जाते. टॅक्सी करताना (विमान जमिनीवर चालवत नेताना) आणि उड्डाणासाठी रांगेत थांबल्यावर मात्र बंद केबिनमध्ये वारा जवळजवळ नसतो. तरी उंचीवर पंखा बंद पडला तर चालेल असे नाही. ८,००० फुटांवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक-पंचमांशाने विरळ असते आणि तेवढी कमी उष्णता वाहून नेते.

पॅनलचा डिस्प्ले आणि वैमानिक नकाशांसाठी सोबत आणतो तो टॅब्लेट यांचे दुखणे वेगवेगळे आहे. पॅनलच्या डिस्प्लेला उष्णता छळते ती मागून, टॅब्लेटला समोरून.

पॅनलमागची उष्णता. पॅनल आणि फायरवॉल (इंजिन व केबिन यांच्यामधली आगरोधक भिंत) यांच्यामधल्या अरुंद पोकळीत डिस्प्लेची स्वतःची उष्णता, शेजारच्या रेडिओंची उष्णता, फायरवॉलपलीकडच्या इंजिनाची धग आणि उन्हाने तापलेल्या काळ्या ग्लेअरशील्डची (पॅनलवरच्या, चकाकी रोखणाऱ्या झाकणाची) झळ एकत्र साचते. विमान-उपकरणांच्या चाचणीसाठीच्या आरटीसीए डीओ-१६० या मानकात ए-१ वर्गाच्या उपकरणाने ५५ अंश से. तापमानात काम करत राहणे, ७० अंशांत थोडा वेळ चालणे आणि बंद अवस्थेत ८५ अंश सोसणे अपेक्षित असते. आकडे भक्कम वाटतात, पण उन्हात उभ्या राहिलेल्या विमानाच्या पॅनलमागे हवा खेळती नसेल तर ५५ अंश फार दूर नसतात.

गार्मिन जी-१००० ही डिस्प्ले-प्रणाली असलेल्या सेसना १७२एस मध्ये चार पंखे असतात. दोन पंखे पीएफडी (उड्डाणाची मुख्य माहिती दाखवणारा डिस्प्ले) आणि एमएफडी (नकाशा, इंजिन वगैरे दाखवणारा डिस्प्ले) यांच्या मागच्या हीट सिंकवर (उष्णता बाहेर सोडणाऱ्या धातूच्या भागावर) थेट हवा मारतात. तिसरा पोकळीतली गरम हवा खेचून ग्लेअरशील्डवरच्या जाळीतून विंडशील्डच्या आतल्या बाजूला सोडतो. चौथा शेपटीकडच्या भागातल्या एव्हिऑनिक्ससाठी (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी) असतो. उड्डाणपूर्व तपासणीत एव्हिऑनिक्स बस १ (उपकरणांना वीज देणारी पहिली वाहिनी) चालू करून पुढच्या, म्हणजे पॅनलमागच्या, पंख्याचा आणि बस २ चालू करून मागच्या, म्हणजे शेपटीकडच्या, पंख्याचा आवाज ऐकायचा असतो. हेडसेट आधीच कानांवर चढवला असेल तर ही तपासणी नावापुरतीच होते. जाळीवर चेकलिस्ट, नकाशा किंवा गॉगल ठेवण्याची सवय त्याहून वाईट: पंखा फिरत राहतो, हवा मात्र बाहेर पडत नाही.

‘पीएफडी १ कूलिंग’ किंवा ‘एमएफडी १ कूलिंग’ ही सूचना आली, म्हणजे डिस्प्लेने स्वतःच वीजवापर कमी करायला घेतला आहे. मग केबिन हीट (केबिनमध्ये येणारी गरम हवा) कमी करावी आणि जाळीवर हात धरून वारा लागतो का ते पाहावे. पुढचा पंखा बंद असेल तर आणीबाणीत गरज नसल्यास स्टँडबाय (राखीव) बॅटरीचा स्विच बंद करावा. ही बॅटरीही त्याच पोकळीत असते. ३ मिनिटांत सूचना गेली नाही, किंवा दोन्ही डिस्प्लेंची एकदम आली, तर तो स्विच बंद करून शक्य तितक्या लवकर सोयीच्या ठिकाणी उतरावे. इतर विमानांत क्रम वेगळा असू शकतो. ज्याचे उड्डाण, त्याचीच हस्तपुस्तिका चालते.

टॅब्लेट. आयपॅड ० ते ३५ अंश से. तापमानात वापरावा, असे ॲपल सांगते. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ च्या पुढे जातो, म्हणजे तिथे ही मर्यादा सावलीतच ओलांडली जाते. थेट उन्हाचा हिशेब आणखी बोलका आहे. स्वच्छ दुपारी सूर्याकडून दर चौरस मीटरला सुमारे १,००० वॅट मिळतात. २४ × १७ सेंमी. टॅब्लेटवर ऊन सरळ पडले तर ते ४० वॅटच्या आसपास भरते. टॅब्लेट स्वतः साधारण १० वॅट खर्च करतो आणि त्याला पंखा नसतो. विंडशील्ड आणि काच यांनी काही ऊन अडवले तरी मुख्य शत्रू सूर्यच राहतो.

त्यामुळे पहिला उपाय सावलीचा, दुसरा वाऱ्याचा. जाड कव्हर काढावे, टॅब्लेटमागे बोटभर फट राहील असा माउंट वापरावा, जवळच्या हवेच्या झरोक्याचे तोंड त्याच्या पाठीकडे वळवावे. मांडीला बांधायच्या पाटीवर (नीबोर्डवर) पाठ झाकली जाते, म्हणून तिथे तो लवकर तापतो. उड्डाणाआधी बॅटरी पूर्ण भरून घ्यावी आणि उन्हात चार्जिंग टाळावे, कारण चार्जिंगची उष्णता आतच भर घालते. उजेड आपोआप मंद होणे आणि चार्जिंग थांबणे ही पूर्वसूचना. थर्मामीटरचे चित्र आले की नकाशा गेलाच. तापलेला टॅब्लेट बर्फाच्या डब्यात ठेवू नये, आत दव धरते. पर्यायी नकाशे दुसऱ्या, बंद ठेवलेल्या उपकरणात किंवा कागदावर असावेत. ते उपकरण पहिल्याशेजारी उन्हात पडले असेल तर उपयोग शून्य.

उभे विमान. डायमंड डीए-४० चे छत बुडबुड्यासारखे पारदर्शक असल्याने ऊन चहूबाजूंनी आत येते. जमिनीवर हे छत थोडे उघडे ठेवण्याची खाच दिलेली असते. उड्डाणापूर्वी ते बंद करून कुलूपबंद असल्याची खात्री करावी लागते. पार्किंगमध्ये बाहेरून घालायचे कव्हर सर्वांत चांगले. चकाकता पडदा आतून ॲक्रिलिकला (छताच्या पारदर्शक प्लास्टिकला) चिकटवून लावला तर मधल्या उष्णतेने ॲक्रिलिकच खराब होऊ शकते. महाराष्ट्रात मे महिन्यात मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा विमानाचे नाक कुठे वळवले याने दुपारी फारसा फरक पडत नाही. इंजिन सुरू करण्याआधी दारे उघडून केबिनमधली गरम हवा जाऊ द्यावी आणि गरज नसलेली उपकरणे उशिरा चालू करावीत.

जुन्या विमानात नवा डिस्प्ले. जुन्या पॅनलमागे हवेची वाट नसते, म्हणून अनेक तोंडांचा पंखा बसवून नळ्यांनी प्रत्येक उपकरणापर्यंत हवा नेतात. बाहेरचा वारा थेट आत घेणे स्वस्त पडते, पण पावसात पाणी आणि एरवी धूळही आत जाते. केबिनमधली हवा पंख्याने देणे बरे. पंखा एव्हिऑनिक्स बसवर, स्वतःच्या ब्रेकरसह (जादा प्रवाह आल्यास वीज तोडणाऱ्या कळीसह) जोडावा. दुरुस्तीत पॅनल उघडल्यावर नळी निसटलेली राहणे हा नेहमीचा दोष. ती लोंबून कंट्रोल योकच्या (विमान वळवण्याच्या हँडलच्या) दांड्यात अडकली तर प्रश्न डिस्प्लेपुरता उरत नाही, म्हणून पॅनल बंद करण्यापूर्वी नळ्या बांधून योक दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावे. पंख्याच्या मोटारीत चुंबक असते. ती बसवल्यावर, पंखा चालू ठेवून, होकायंत्राचे विचलनही (विमानातल्या चुंबकत्वामुळे येणारी चूक) पुन्हा मोजावे लागते.