न्यू जर्सीचे गव्हर्नरपद आणि काउंटीच्या रांगेचा इतिहास

जून २०२५ मध्ये न्यू जर्सी राज्यात गव्हर्नरपदासाठी दोन्ही पक्षांच्या प्रायमरी, म्हणजे पक्षांतर्गत उमेदवारी ठरवणाऱ्या निवडणुका झाल्या. त्यांत डेमोक्रॅटिक पक्षाकडून सहा दखलपात्र उमेदवार उभे होते: काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, दोन सदस्य मिकी शेरिल आणि जॉश गॉटहायमर, नेवार्कचे महापौर रास बराका, जर्सी सिटीचे महापौर स्टीव्हन फुलॉप, शिक्षक संघटनेचे अध्यक्ष शॉन स्पिलर आणि राज्य सिनेटचे माजी अध्यक्ष स्टीव्ह स्वीनी. रिपब्लिकन बाजूला जॅक चिटारेली, रेडिओवरचे निवेदक बिल स्पेडिया आणि राज्य सिनेटर जॉन ब्रॅमनिक यांच्यात झुंज होती. गव्हर्नर फिल मर्फी यांच्या दोन मुदती पूर्ण झाल्यामुळे पद रिकामे होत होते, हे या गर्दीचे उघड कारण. पण दोन मुदतींची मर्यादा १९४७ पासून आहे आणि पद याआधीही अनेकदा रिकामे झाले आहे. तरीही बहुतेक वेळा प्रायमरीचा निकाल मतदानाच्या कित्येक महिने आधी काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, पक्षनेत्यांच्या बैठकीत लागलेला असे. त्यांनी निवडलेल्यांची नावे मतपत्रिकेवर एकाच ओळीत छापली जात, तीच काउंटीची रांग. या वेळी तसे का झाले नाही, हे कळण्यासाठी बरीच वर्षे मागे जावे लागते.

या पदाचे मोल आधी सांगायला हवे. अमेरिकेतील गव्हर्नर थेट लोकांनी निवडलेला कार्यकारी प्रमुख असतो आणि त्यातही न्यू जर्सीचा गव्हर्नर देशातील सर्वांत शक्तिशाली गव्हर्नरांपैकी एक मानला जातो. अनेक राज्यांत महाधिवक्ता, खजिनदार, काउंटीचे सरकारी वकील हे सगळे स्वतंत्रपणे निवडून येतात. न्यू जर्सीत ते गव्हर्नर नेमतो. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांची नियुक्तीही तोच सिनेटच्या संमतीने करतो, आणि अर्थसंकल्पातील एखादी विशिष्ट रक्कम नकाराधिकार वापरून खोडण्याची मुभाही त्याला आहे. २००९ पर्यंत राज्यव्यापी मतदानाने निवडले जाणारे राज्य पातळीवरचे पद हे एकच होते. लेफ्टनंट गव्हर्नर हे दुसरे पद २००५ च्या घटनादुरुस्तीने आले, तेही गव्हर्नर जिम मॅकग्रीव्ही यांनी २००४ मध्ये मध्येच राजीनामा दिल्यावर सिनेटच्या अध्यक्षाने दोन्ही खुर्च्या एकाच वेळी सांभाळण्याचा प्रकार लोकांना खटकला म्हणून. नेमणुकांचा एवढा साठा ज्याच्या हाती, त्याची निवड करणारी यंत्रणा आपल्या हाती असावी, असे काउंटीच्या नेत्यांना वाटले तर त्यात नवल नाही.

१७७६ च्या पहिल्या राज्यघटनेत गव्हर्नर विधिमंडळ निवडत असे, तेही एकेका वर्षासाठी. १८४४ च्या घटनेने ही निवड लोकांकडे दिली, पण मुदत तीन वर्षांची ठेवली आणि लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून येण्यास बंदी घातली. म्हणजे पुढची शंभर वर्षे प्रत्येक निवडणुकीत पद रिकामेच असे. वरवर पाहता हे सत्ता एका माणसाच्या हाती साचू नये म्हणून. प्रत्यक्षात गव्हर्नर दर तीन वर्षांनी बदलणारा आणि पक्षाचा स्थानिक म्होरक्या मात्र कायमचा, अशी स्थिती झाली. जर्सी सिटीचे महापौर फ्रँक हेग १९१७ पासून १९४७ पर्यंत त्या पदावर होते. त्याच काळात त्यांच्या गोटातले ए. हॅरी मूर हे १९२५, १९३१ आणि १९३७ असे तीनदा गव्हर्नर म्हणून निवडून आले. मधल्या मुदती सोडून पुन्हा उभे राहण्यास घटनेची आडकाठी नव्हती. बंदी ज्याच्यासाठी घातली, तो तिच्यातूनच वाट काढतो, याचे इतके सरळ उदाहरण क्वचितच सापडेल.

प्रायमरीची पद्धत राज्यात रुजली ती याच म्होरक्यांच्या विरोधात. १९१० पर्यंत गव्हर्नरपदाचा उमेदवार पक्षाच्या अधिवेशनात ठरत असे. त्या वर्षी नेवार्कचे नेते जेम्स स्मिथ यांनी प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना ट्रेंटन येथील अधिवेशनात उमेदवारी मिळवून दिली. प्राध्यापक आपल्या ऐकण्यातला राहील, असा त्यांचा हिशेब होता. निवडून आल्यावर विल्सन यांनी अमेरिकी सिनेटच्या जागेसाठी स्मिथ यांना बाजूला सारून, मतदारांनी आधीच कौल दिलेल्या जेम्स मार्टिन यांची बाजू घेतली, आणि १९११ मध्ये गेरन कायदा मंजूर करून उमेदवार निवडण्याचा अधिकार अधिवेशनांकडून काढून थेट मतदारांकडे दिला. पुढच्याच वर्षी ते राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. कायदा राहिला, म्होरकेही राहिले.

सध्याची चौकट १९४७ च्या राज्यघटनेची आहे. आल्फ्रेड ड्रिस्कॉल यांच्या कारकिर्दीत रटगर्स विद्यापीठात भरलेल्या घटना परिषदेने गव्हर्नरची मुदत चार वर्षांची केली, लागोपाठ दोन मुदतींना परवानगी दिली आणि निवडणूक राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतरच्या वर्षी येईल अशी व्यवस्था केली. तेव्हापासून न्यू जर्सी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांचा निकाल व्हाइट हाऊसमधील पक्षाबद्दलचे पहिले मत म्हणून वाचला जातो. यानंतर पद रिकामे होणे हा साधारण आठ वर्षांनी येणारा प्रसंग झाला, मात्र मतदारांनी तो नेहमी पाळला असे नाही. १९७३ मध्ये विद्यमान रिपब्लिकन गव्हर्नर विल्यम केहिल यांना त्यांच्याच पक्षाच्या प्रायमरीत चार्ल्स सँडमन यांनी हरवले, आणि सँडमन यांना नोव्हेंबरमध्ये ब्रेंडन बर्न यांनी.

पैशाच्या बाजूने एक मोठा प्रयोग त्याच दशकात झाला. उमेदवाराने लहान देणग्यांतून ठरावीक रक्कम जमवली की प्रत्येक डॉलरमागे राज्याच्या तिजोरीतून दोन डॉलर द्यायचे, ही योजना १९७७ च्या मुख्य निवडणुकीत आणि १९८१ पासून प्रायमरीतही लागू झाली. बर्न यांची दुसरी मुदत संपत असल्याने १९८१ मध्ये पद रिकामे होते, त्यात सरकारी मदत उपलब्ध. दोन्ही पक्षांत मिळून एकवीस उमेदवार उतरले. डेमोक्रॅटिक प्रायमरी जिम फ्लोरिओ यांनी साधारण २६ टक्के मतांवर जिंकली, रिपब्लिकन प्रायमरी टॉम कीन यांनी ३१ टक्क्यांच्या आसपास, आणि नोव्हेंबरमध्ये फेरमोजणीनंतर कीन अवघ्या १,७९७ मतांनी विजयी ठरले. राज्याच्या इतिहासात गव्हर्नरपदाची इतकी चुरशीची लढत झालेली नाही. २०२५ पूर्वीची खरोखर मोकळी प्रायमरी कोणती, असे विचारले तर माझ्या मते ती हीच.

त्यानंतर काउंट्यांनी पकड घट्ट केली, ती मतपत्रिकेच्या मांडणीतून. १९८९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियातील एका खटल्यात, पक्षसंघटनांना प्रायमरीत उमेदवाराला पाठिंबा जाहीर करण्यास बंदी घालता येत नाही, असा निर्णय दिला. न्यू जर्सीतील तशीच बंदीही मग टिकली नाही. पण इतर राज्यांत पाठिंबा म्हणजे पत्रक, सभा, फार तर घरी आलेले कार्ड. न्यू जर्सीच्या २१ पैकी १९ काउंट्यांत तो थेट मतपत्रिकेवर उमटत असे. बहुतेक राज्यांत ‘गव्हर्नरपदाचे उमेदवार’ असे शीर्षक आणि त्याखाली सर्वांची नावे अशी साधी मांडणी असते. इथे मात्र काउंटीच्या संघटनेने निवडलेले सगळे उमेदवार, वर राष्ट्राध्यक्ष किंवा गव्हर्नरपदापासून खाली गावच्या समितीपर्यंत, एकाच उभ्या किंवा आडव्या रांगेत छापले जात. संघटनेबाहेरचा उमेदवार दोनतीन स्तंभ सोडून पलीकडे, कधी एकटाच, तर कधी ज्याच्याशी काही संबंध नाही अशा दुसऱ्या पदाच्या उमेदवाराखाली दिसे. मधली जागा कोरी. त्या कोपऱ्याला तिथले राजकारणी ‘मतपत्रिकेचा सैबेरिया’ म्हणत. भरलेल्या रांगेत वरून खाली खुणा करत जाणे मतदाराला सोपे वाटणारच. रटगर्समधील प्राध्यापक ज्युलिया सॅस रुबिन यांच्या अभ्यासात, काँग्रेसच्या प्रायमरींमध्ये उमेदवार रांगेत असणे आणि नसणे यांत सरासरी सुमारे ३५ टक्के मतांचा फरक आढळला. आपल्याकडे अखेरच्या घटकेला हाती पडणाऱ्या एबी फॉर्मला जे वजन असते, ते तिथे या रांगेला होते. फक्त तिथे त्यानंतरही मतदान घेतल्याचा देखावा होत असे.

रांग कोणाची, हे काही काउंट्यांत अधिवेशनातील गुप्त मतदानाने ठरे, तर अनेक ठिकाणी एकट्या अध्यक्षाच्या शब्दाने. त्यामुळे गव्हर्नर होऊ इच्छिणाऱ्याचा प्रचार मतदारांआधी या अध्यक्षांच्या दारी सुरू होई. २००० च्या जुलैमध्ये अमेरिकी सिनेटर रॉबर्ट टोरिसेली यांनी पुढच्या वर्षीच्या उमेदवारीसाठी चाचपणी केली, पण मोठ्या काउंट्यांचे नेते मॅकग्रीव्ही यांच्यामागेच राहिले आणि टोरिसेली यांना काही दिवसांत माघार घ्यावी लागली. २००१ मध्ये रिपब्लिकनांचे डोनाल्ड डिफ्रान्सेस्को ऐनवेळी बाजूला झाले तेव्हा विधिमंडळाने प्रायमरीची तारीखच ५ जूनवरून २६ जूनवर नेली, म्हणजे संघटनेच्या पसंतीचे बॉब फ्रँक्स यांना वेळ मिळावा. ब्रेट शुंडलर यांनी त्यांना तरीही हरवले. रांग अभेद्य नव्हती, एवढे त्यातून म्हणता येईल. पण असे अपवाद कमीच. गोल्डमन सॅक्समधून राजकारणात आलेले मर्फी स्वतःचा पैसा घेऊन उतरले, आणि २०१६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फुलॉप आणि स्वीनी या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांनी काही दिवसांच्या अंतराने माघार घेतली. प्रायमरी जून २०१७ मध्ये होती. निवडणूक आठ महिने आधी संपली होती.

ही व्यवस्था कोसळली ती गव्हर्नरच्याच घरातून निघालेल्या उमेदवारीमुळे. सप्टेंबर २०२३ मध्ये सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्यावर लाचखोरीचे आरोपपत्र दाखल झाल्यावर त्यांच्या जागेसाठी काँग्रेस सदस्य अँडी किम यांनी लगेच उमेदवारी जाहीर केली, आणि नोव्हेंबरमध्ये गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फी यांनीही. टॅमी मर्फी याआधी कोणत्याही पदावर निवडून आलेल्या नव्हत्या, तरी मोठ्या काउंट्यांचे अध्यक्ष पटापट त्यांच्या बाजूने उभे राहिले. गव्हर्नरच्या हातातील नेमणुका आणि निधी पाहता त्यामागचे गणित सांगायला कोणी विश्लेषक लागत नव्हता. मात्र मॉनमथ, बर्लिंग्टन अशा काउंट्यांत जिथे कार्यकर्त्यांनी गुप्त मतदान केले, तिथे किम जिंकत गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी इतर दोन उमेदवारांसह रांगेच्या विरोधात संघराज्य न्यायालयात दाद मागितली. अशाच स्वरूपाचा एक खटला २०२० पासून रखडला होता, पण या वेळी घटना वेगाने घडल्या: राज्याचे महाधिवक्ता मॅथ्यू प्लॅटकिन, म्हणजे मर्फी यांनीच नेमलेला माणूस, यांनी ही पद्धत घटनेच्या कसोटीवर समर्थनीय नसल्याचे न्यायालयाला कळवले, २४ मार्चला टॅमी मर्फी यांनी माघार घेतली, २९ मार्चला न्यायाधीश झाहिद कुरैशी यांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरता या मांडणीला मनाई हुकूम दिला आणि एप्रिलमध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम ठेवला. किम त्याच वर्षी सिनेटवर निवडून गेले. मार्च २०२५ मध्ये, जे अटळच होते त्यावर, मर्फी यांनी पदनिहाय मतपत्रिकेच्या कायद्यावर सही केली.

म्हणून २०२५ ची प्रायमरी गव्हर्नरपदासाठी रांगेविना झालेली या पिढीतील पहिली. २०१६ मध्ये काउंट्यांचा कल पाहून मागे सरलेले फुलॉप आणि स्वीनी या वेळी शेवटपर्यंत राहिले. काउंट्यांचा पाठिंबा घेणार नाही हाच फुलॉप यांच्या प्रचाराचा मुद्दा होता. बराका यांना मे महिन्यात नेवार्कमधील स्थलांतरितांच्या स्थानबद्धता केंद्राबाहेर अटक झाली, पुढे आरोप मागे घेतला गेला, आणि त्यांचे नाव राज्यभर पोहोचले. स्पिलर यांच्यासाठी शिक्षक संघटनेच्या पैशावर चालणाऱ्या गटाने कोट्यवधी डॉलर ओतले. पदरी सुमारे दहा टक्के मते आली. नौदलात हेलिकॉप्टर चालवलेल्या आणि नंतर सरकारी वकील राहिलेल्या शेरिल सुमारे ३४ टक्के मतांनी जिंकल्या, बराका दुसरे आले. सर्वाधिक काउंटी संघटनांचा पाठिंबा शेरिल यांनाच होता, हे विसरून चालणार नाही. रांग गेली तरी कार्यकर्ते, याद्या आणि मतदारांना घराबाहेर काढण्याची यंत्रणा काउंट्यांकडेच आहे. रिपब्लिकन बाजूचा प्रश्न ट्रम्प यांच्या पाठिंब्याने सुटला. २०१७ मध्ये प्रायमरीत आणि २०२१ मध्ये मर्फींकडून केवळ तीन टक्क्यांनी हरलेले चिटारेली यांनी दोनतृतीयांशांहून अधिक मते घेतली.

या राज्यात भारतीय वंशाचे चार लाखांहून अधिक लोक राहतात, त्यात एडिसन, प्लेन्सबरो, पार्सिपनी भागांतील मराठी कुटुंबेही पुष्कळ. २०२२ चे बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन अटलांटिक सिटीतच भरले होते. घरपट्टीचे सरासरी वार्षिक बिल दहा हजार डॉलरच्या वर गेलेले आणि २०२५ च्या जूनपासून विजेचे दर साधारण पाचव्या हिश्श्याने वाढलेले, हे विषय तिथल्या कोणत्याही घरात परके नाहीत. शेरिल यांनी विजेच्या दरांवरच प्रचार केला. २०२४ मध्ये ट्रम्प इथे केवळ सहा टक्क्यांनी मागे राहिले होते, म्हणून अटीतटीचा अंदाज होता. ४ नोव्हेंबरला शेरिल सुमारे १४ टक्क्यांच्या फरकाने जिंकल्या. एकाच पक्षाने गव्हर्नरपद लागोपाठ तिसऱ्यांदा राखणे १९६१ नंतर प्रथमच घडले.

मतपत्रिका बदलल्याचा खरा परिणाम गव्हर्नरपदापेक्षा खालच्या जागांवर अधिक स्पष्ट दिसला. हडसन काउंटीत, म्हणजे हेग यांच्याच जुन्या मुलुखात, होबोकनचे महापौर रवी भल्ला आणि केटी ब्रेनन यांनी त्याच जूनमधील विधानसभेच्या प्रायमरीत काउंटी संघटनेच्या दोन्ही उमेदवारांना हरवले.