मामांच्या घराची शाकारणी आणि राउटरचं कर्नल

मागच्या मे महिन्यात बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात मामांच्या गावी गेलो तेव्हा घरावर शाकारणी चालली होती. आमच्याकडं पाऊस म्हंजे पाऊस, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला तर विचारूच नका, त्यामुळं मिरग लागायच्या आत छपरावर चढून कौलं उतरवायची, झाडायची, फुटकी बाजूला काढायची आणि परत बसवायची हे दरवर्षीचं ठरलेलं. मामांची अडचण वेगळी होती. कौलं जुन्या मापाची, तो साचा आता कुणी काढत नाही, नवीन कौल आणलं की खाच बसत नाही, मग वरचा गडी एकेक नवीन कौल कडेनं तासून जुन्या रांगेत बसवत होता. आणि मी खाली सोप्यात बसून मामांचा राउटर खोललेला.

"काय करालायस रे? मोडू नको, नेट जाईल," मामा दोनदा सांगून गेले.

राउटर २०१९ ला घेतलेला, कंपनीचं नाव नको, तसल्या पांढऱ्या डब्या शंभर प्रकारच्या मिळतात. आत सर्किटवर सिरियल पोर्टच्या बारीक पिना असतात, त्यातल्या तिनांना यूएसबीची स्वस्तातली वायर लावली, लॅपटॉपवर स्पीड ५७,६०० ठेवला आणि करंट दिला. स्क्रीनवर ओळी धावायला लागल्या, त्यातच एक ओळ, लिनक्स व्हर्जन २.६.३६. लिनक्स म्हंजे असल्या डब्यांत चालणारं, सगळ्यांना खुलं असलेलं कर्नल, आणि ही आवृत्ती आली ऑक्टोबर २०१० मध्ये. म्हंजे दुकानातून नवीन कोरा डबा आणला तेव्हाच आतला माल नऊ वर्षांचा होता!

कर्नल म्हंजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मेमरी कुणाला किती द्यायची, वायफायच्या चिपशी कसं बोलायचं, आलेलं पॅकेट, म्हंजे डेटाचा तुकडा, कुठं ढकलायचा हे सगळं तो बघतो. पण राउटरमध्ये एवढं जुनं कर्नल येतंच कसं? तर चिप बनवणारी कंपनी एकदाच एक किट तयार करते, त्यात त्यांचा वायफाय ड्रायव्हर, म्हंजे चिप चालवणारा प्रोग्राम, ज्या कर्नलवर चालला ते कर्नल बसवलेलं असतं, राउटरवाली कंपनी तेच किट घेते, वर आपला लोगो आणि सेटिंगचं पान चढवते आणि विकते. पुढं कर्नल बदलायचं तर ड्रायव्हर परत लिहायला पाहिजे, तो खर्च कोण करणार, डबा तर विकून झाला.

आता लिनक्सची मूळ रीत बघा. साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवीन कर्नल येतं आणि ते आलं की आधीच्याकडं थोड्याच दिवसांत कुणी बघत नाही. हा वेग राउटरसारख्या यंत्रांना झेपणारा नाही, म्हणून वर्षाचं एक कर्नल, बहुतेक वर्षाच्या शेवटचं, निवडून त्याला लाँग टर्म सपोर्ट देतात. त्यात नवीन सोयी घालायच्या नाहीत, फक्त दुरुस्त्या. हे काम मुख्यतः ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि साशा लेविन बघतात. नियम कडक आहेत, दुरुस्ती आधी लिनक्स सुरू करणाऱ्या लायनस टोरवाल्ड्सच्या मुख्य कर्नलमध्ये गेलेली पाहिजे, मगच ती जुन्यात येणार, आणि ती लहान पाहिजे, आजूबाजूच्या ओळी धरून शंभराच्या आत. नव्या कर्नलसाठी लिहिलेली दुरुस्ती जुन्यात आणायची तर तिथं फंक्शनचं नाव वेगळं असतं, कुठं एखादा रकानाच नसतो, मग तासून बसवावं लागतं. ह्याला बॅकपोर्ट म्हणतात. वर छपरावरचा गडी तेच करत होता की.

ह्याचा उपयोग काय ते एका उदाहरणानं सांगतो. जून २०१९ मध्ये नेटफ्लिक्सच्या एका इंजिनियरनं लिनक्सच्या टीसीपीमध्ये, म्हंजे नेटवर डेटा नीट पोचवायच्या रीतीत, एक भोक शोधलं, त्याला सॅक पॅनिक असं नाव पडलं. टीसीपीत समोरचा सांगू शकतो की बाबा मला ही ही पॅकेटं मिळाली, मधली राहिली, तेवढीच परत पाठव. हे सॅक. आता कुणी मुद्दाम अडून बसला की मला एका वेळी अगदी चिमूटभरच डेटा चालतो, तर कर्नलला ढीगभर बारके तुकडे करावे लागतात, आणि तुकडे मोजायचा रकाना फक्त १६ बिटांचा, ६५,५३५ च्या वर आकडा मावत नाही. स्कूटरचं मीटर फिरून शून्यावर येतं तसं होतं, हिशोब चुकला हे कर्नलच्या लक्षात येतं आणि कर्नल सरळ हात वर करतं, मशीन बंद. २.६.२९ पासूनच्या सगळ्या कर्नलमध्ये हे होतं. दुरुस्ती थोड्या ओळींची, आणि ४.४, ४.९, ४.१४, ४.१९ ह्या लाँग टर्म कर्नलमध्ये ती लगेच, त्याच दिवशी आली. मामांच्या २.६.३६ मध्ये ती कधीच आली नाही, कारण ते लाँग टर्म कर्नल नव्हतंच. उगाच घाबरवत नाही, राउटरमधून नुसतं पुढं जाणारं ट्रॅफिक ह्यात धोक्याचं नसतं, राउटर स्वतः ज्या कनेक्शनला उत्तर देतो, म्हंजे त्याचं सेटिंगचं पान वगैरे, तिथं हा मार बसतो. पण नऊ वर्षांत असली भोकं एकच नाही ना झाली.

इथं ओपनडब्ल्यूआरटी कामाला येतं, म्हंजे राउटरमध्ये कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या जागी चढवायचं, लिनक्सवरचं खुलं सॉफ्टवेअर. २००३ मध्ये लिंकसिसनं डब्ल्यूआरटी५४जी ह्या राउटरचा सोर्स, म्हंजे मूळ कोड, तो उघड करायला लावणाऱ्या जीपीएल लायसनमुळं खुला केला, त्यातून २००४ मध्ये हा प्रकल्प उभा राहिला, आणि नावातला डब्ल्यूआरटी तिथलाच. ह्यांनी आता धरलेली शिस्त मला फार आवडते, एका आवृत्तीला एकच लाँग टर्म कर्नल, मग चिप कुठलीही असो. १९.०७ ला ४.१४, २१.०२ ला ५.४, २२.०३ ला ५.१०, २३.०५ ला ५.१५ आणि फेब्रुवारी २०२५ च्या २४.१० ला ६.६. नवीन आवृत्ती आली की जुनीला आणखी साधारण सहा महिने सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, म्हंजे उडी मारायला वेळ असतो.

पण हे फुकट पडत नाही. त्यांच्या सोर्समध्ये कर्नलवर चढवायच्या बदलांचे तीन फोल्डर असतात. बॅकपोर्ट, म्हंजे मुख्य कर्नलनं आधीच घेतलेले, पेंडिंग, म्हंजे पाठवायचे राहिलेले, आणि हॅक, म्हंजे मुख्य कर्नलवाले कधी घेणार नाहीत हे ह्यांनाही माहीत असलेले. हे तिसरं नाव ठेवणाऱ्याला माझा नमस्कार, इतका खरेपणा आमच्याकडं खात्यांच्या फायलींवर कुठं असतो? शिवाय प्रत्येक चिपच्या घराण्याचे आपापले बदल वेगळेच. जवळजवळ दर आठवड्याला लाँग टर्म कर्नलची बारकी आवृत्ती येते, ओळी खालीवर सरकतात, मग हे सगळे बदल परत बसतात का ते तपासून नीट करायचे. आणि वर्षा-दोन वर्षांनी पूर्ण कर्नल बदललं की सगळी कौलं उतरवून नव्यानं. बरेचसे लोक हे आपली नोकरी सांभाळून करतात.

सपोर्ट किती वर्षं द्यायचा ह्यावर लिनक्सवाल्यांचंही एकमत टिकलेलं नाही. आधी दोन वर्षं होती, २०१७ मध्ये सहा केली, कारण अँड्रॉइड फोनच्या चिपा यायलाच दोन वर्षं जायची, मग फोन हातात पडेपर्यंत कर्नलचा सपोर्ट संपलेला. २०२३ मध्ये परत दोनवर यायचं ठरलं, सांभाळणारे मोजके, दमलेले, आणि इतकं जुनं कर्नल वापरतंय कोण असा त्यांचा सवाल. रेल्वे, वीज, कारखाने असल्या ठिकाणी मात्र यंत्र वीस-वीस वर्षं हलत नाही, तिथं सीमेन्स, तोशिबा अशा कंपन्यांनी २०१६ मध्ये सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म काढला, ते निवडक कर्नल दहा वर्षं सांभाळायचं बघतात. माझं मत विचाराल तर राउटरला ही दहा वर्षांची वाट नको, त्याला दुसऱ्या कर्नलवर उडी मारता आली पाहिजे.

आणि उडी अडते ती जागेवर. कर्नल वर्षागणिक फुगत चाललंय, आणि राउटरची फ्लॅश, म्हंजे सॉफ्टवेअर साठवायची जागा, मात्र विकत घेतली तेवढीच. माझ्याकडं बेळगावात टिळकवाडीतल्या खोलीवर एक डबा आहे, ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम, तो १९.०७ वर अडकला तो अडकलाच, त्याचं ४.१४ कर्नल जानेवारी २०२४ मध्ये सपोर्टमधून गेलं. आता तो वायफाय बंद करून नुसता केबलींचा जोड म्हणून पडलाय. नवीन राउटर घेताना दुकानदार अँटेना मोजून दाखवतो, पण विचारायचं ते फ्लॅश आणि रॅम. ८ आणि ६४ एमबी हे कमीत कमी, १६ आणि १२८ असेल तर उत्तम.

मामांच्या डब्यात ८ आणि ६४ निघाले, नशीब. ओपनडब्ल्यूआरटी २४.१० ची इमेज, म्हंजे तयार फाईल, टीएफटीपी ह्या केबलीवरून फाईल पाठवायच्या साध्या रीतीनं चढवली, पहिल्यांदा चढलीच नाही, कारण लाईट गेली, दुसऱ्यांदा शेजारच्या इन्व्हर्टरवर वायर ओढून केलं. मग सिरियलवर परत तीच ओळ बघितली, ह्यावेळी ६.६. डब्याच्या पाठीमागं मार्करनं तारीख आणि २४.१० लिहून ठेवलं.

तोवर वरचं काम आटपलं होतं. मामा चहाचा कप घेऊन आले, डबा उलटापालटा करून बघितला, म्हणाले, "मग नेट फास्ट झालं काय?"

"नाही मामा, तेवढंच आहे."

"मग सकाळपास्नं काय केलास?"

मी वर कौलांकडं बोट दाखवलं. त्यांनी बघितलं, आणि गड्याला हाक मारून अजून एक कौल तिरकं बसलंय म्हणून सांगायला गेले.