नैसर्गिक लपण (हरणाच्या शिकारीतील)

नैसर्गिक लपण म्हणजे जागेवरच मिळणाऱ्या फांद्या, ओंडके, झुडपे, गवत किंवा दगड यांचा आडोसा करून शिकाऱ्याने जमिनीवर दबा धरण्यासाठी तयार केलेली जागा. झाडावर बांधतात ते मचाण, जमिनीवर असते ते लपण. बाजारात तंबूसारखी कापडी, घडीची लपणे मिळतात. ती वरून आणि चारही बाजूंनी बंद असल्याने आतला अंधारच माणसाला झाकून टाकतो. नैसर्गिक लपणाला छत नसते आणि अंधारही नसतो, म्हणून त्याचे तंत्र मुळातच निराळे आहे. मराठीत काळविटालाही हरीण म्हणतात. या नोंदीत मात्र हा शब्द मृगकुलापुरता, म्हणजे ज्यांची शिंगे दरवर्षी गळून नव्याने उगवतात अशा प्राण्यांपुरता, वापरला आहे. उत्तर अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीचे हरीण हे अशा शिकारीतले सर्वांत परिचित सावज.

ही पद्धत फार जुनी आहे. अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरील ह्यूरॉन सरोवराच्या तळाशी, सुमारे ३७ मीटर खोलीवर, दगडांच्या दोन रांगांमधून जाणारी एक वाट आणि त्या रांगांना जोडून रचलेली गोलाकार दगडी लपणे सापडली आहेत. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी सरोवराची पातळी बरीच खाली होती. तेव्हा हा भाग पाण्याबाहेरची एक अरुंद जमीनपट्टी होता आणि कॅरिबू या मोठ्या हरणांचे कळप त्यावरून ये-जा करीत. मिशिगन विद्यापीठातील जॉन ओ'शे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये या रचनेचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. कळपाला एका ठिकाणी आवळत आणायचे आणि माणसाने आधीच दडून बसायचे, ही कल्पना तिथे पूर्ण विकसित झालेली दिसते. आजचा शिकारी कळप हाकत नाही. हरीण स्वतःहून कुठून जाणार हे ओळखून तो तिथे बसतो, इतकाच फरक.

लपण कसे हवे हे हरणाच्या इंद्रियांवरून ठरते. हरणाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला सुमारे ३०० अंशांचा परिसर मान न वळवता दिसतो. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात, हरणाच्या डोळ्यात दोनच. त्यामुळे नारिंगी आणि लाल रंग त्याला हिरव्या-तपकिरीतून फारसे वेगळे काढता येत नाहीत. निळा मात्र ठसठशीत दिसतो. माणसाच्या डोळ्यातील भिंग अतिनील किरण अडवते, हरणाचे ते बरेचसे आत येऊ देते. कपडे उजळ दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जी द्रव्ये घालतात, ती अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात. अशा पावडरीने धुतलेला पानापानांच्या नक्षीचा महागडा शर्ट मंद उजेडात हरणाला वेगळा उठून दिसू शकतो. बारीक तपशील टिपण्यात हरणाची नजर माणसापेक्षा कमी आहे, पण हालचाल ती तत्काळ पकडते. म्हणून लपण ही भिंत नव्हे. माणसाची बाह्यरेषा मोडणे आणि हातांची हालचाल झाकणे एवढेच त्याचे काम. नवशिके भिंत बांधतात आणि मग त्यांना स्वतःलाच बाहेरचे दिसत नाही.

नजरेपेक्षा नाक मोठे. हरणाने वास घेतला तर उत्तम लपणही निकामी ठरते, त्यामुळे जागेची निवड वाऱ्यापासून सुरू होते. वारा जनावराच्या वाटेकडून शिकाऱ्याकडे, किंवा निदान आडवा, वाहायला हवा. डोंगराळ भागात यात आणखी एक गुंतागुंत असते. ऊन तापले की उतारावरची हवा वर चढू लागते आणि सूर्य कलला की थंड हवा दरीकडे ओघळते. म्हणून सकाळचे लपण वाटेच्या वर आणि संध्याकाळचे वाटेच्या खाली असावे, असा ढोबळ नियम आहे. मात्र पहाटे, उजाडल्यानंतरही काही काळ, हवा खालीच ओघळत असते आणि हरणांची वर्दळ नेमकी त्याच वेळी असते. यावर खरा उपाय एकच, दोन वेगवेगळ्या वाऱ्यांसाठी दोन लपणे तयार ठेवणे. लपणाकडे जाण्याची वाटही त्याच हिशेबाने आखावी लागते. चरण्याच्या जागेतून चालत जाऊन लपणात बसणारा माणूस शिकार सुरू होण्याआधीच संपवतो.

जागा ठरली की आधी पाठ पाहावी. बसलेल्या माणसामागे मोकळे आकाश किंवा उजळ माळ असेल तर समोर कितीही फांद्या रचल्या तरी डोके आणि खांदे काळ्या आकृतीसारखे उमटतात. त्यामुळे मागचा आडोसा पुढच्यापेक्षा उंच आणि दाट लागतो. उन्मळून पडलेल्या झाडाच्या मुळांचा गड्डा, जाड बुंधा, सदाहरित झुडपांची जाळी असे काही आयते मिळाले तर निम्मे काम झाले. पुढचा आडोसा बसलेल्या माणसाच्या छातीइतका पुरतो. दोनतीन ओंडके आडवे टाकून त्यांना फांद्या टेकवतात, पण आजूबाजूची झाडी जशी वाढते तशाच त्या लावाव्या लागतात. उभ्या खोडांच्या रानात आडव्या फांद्यांचा ढीग माणसालाही खटकतो. ताज्या तोडलेल्या फांद्यांची पाने काही दिवसांत सुकून करडी पडतात, म्हणून वाळलेले लाकूड किंवा सूचिपर्णी झाडांच्या फांद्या बऱ्या. त्या लपणाजवळून न तोडता दुरून आणाव्यात आणि तोडलेली पांढरी टोके चिखलाने माखावीत. सार्वजनिक जंगलात उभी झाडी तोडायला अनेक ठिकाणी मनाई असते. तिथे पडलेल्या लाकडावरच भागवावे लागते, आणि ते पुरेसेही होते.

आतली जमीन पाचोळा, काटक्या सरकवून मातीपर्यंत मोकळी करतात. हे काम कंटाळवाणे म्हणून टाळले जाते, पण पायाखाली एक वाळके पान चुरले तरी वीस पावलांवरचे हरीण मान वर करते. मग ते पुढचा पाय आपटते, फुरफुरते आणि शेपटीची पांढरी बाजू उभारून निघून जाते. स्टूल न करकरणारे असावे. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याला बसल्या जागी डावीकडे वळणे सोपे आणि उजवीकडे वळणे फार अवघड जाते, म्हणून स्टूल वाटेच्या अगदी समोर न ठेवता किंचित उजवीकडे तोंड करून ठेवतात. धनुष्य वापरणाऱ्याला कोपर मागे खेचण्याइतकी आणि धनुष्याची टोके फिरण्याइतकी मोकळी जागा लागते. त्याचे लपण वाटेपासून साधारण १५ ते २५ मीटरवर असते. समोरच्या फटीतली एखादी बारीक डहाळीही बाणाची दिशा बदलते. लपणात बसून, धनुष्य पूर्ण खेचून, प्रत्येक फट आधीच तपासणे एवढाच त्यावरचा उपाय.

लपण हंगामाच्या काही आठवडे आधी बांधलेले चांगले. आपल्या वावरात अचानक उगवलेला ढीग हरीण वळसा घालून पाहते. काही आठवड्यांत तो त्याच्या परिसराचा भाग होतो आणि माणसाचा वासही विरतो.

मचाणावरून पडून होणाऱ्या दुखापती लपणात नाहीत, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण बंदुकीच्या बाबतीत हिशेब उलटतो. मचाणावरून सुटलेली गोळी थोड्याच अंतरावर जमिनीत शिरते. लपणातून ती जवळपास जमिनीला समांतर जाते आणि चुकली तर फार दूर पोहोचते. त्यामुळे हरणामागे मातीचा चढ असल्याशिवाय गोळी झाडू नये. दुसरा धोका स्वतः शिकाऱ्याला असतो, कारण इतका बेमालूम लपलेला माणूस दुसऱ्या शिकाऱ्यालाही दिसत नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीच्या हरीण-हंगामात राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या जमिनीवरील लपणावर सर्व बाजूंनी दिसेल असे किमान १४४ चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड लावणे बंधनकारक आहे. हरणाला नारिंगी वेगळा कळत नाही आणि माणसाला लांबून कळतो, त्यामुळे या सक्तीने शिकारीचे काही बिघडत नाही. पाचोळ्यात तासन्तास बसणाऱ्याला गोचिडांचाही त्रास असतो. उत्तर अमेरिकेच्या काही भागांत त्यांच्यामार्फत लाइम रोग पसरतो, म्हणून घरी परतल्यावर अंग तपासावे लागते.

वारा आणि बर्फाने लपण एका हिवाळ्यात निम्मे कोसळते. पुढच्या हंगामाआधी त्यात नव्या फांद्या भराव्या लागतात, पण जुन्या कुजत्या ओंडक्यांवर शेवाळ आणि वेली चढलेल्या असतात. तो भाग तसाच ठेवतात, कारण तसा बेमालूमपणा हाताने आणता येत नाही.