इलिए-कोंब्रे : कादंबरीतलं गाव खऱ्या गावाच्या पाटीवर कसं आलं

फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्तचं म्युझियम बघायला लोक जातात ते फ्रान्समधल्या शार्त्र शहराच्या नैऋत्येला साधारण 25 किलोमीटरवर असलेल्या इलिए-कोंब्रे या छोट्या गावात, आणि तिथे गेल्यावर पाटी दिसते 'लेओनी आत्याचं घर'. म्हणजे नाव लेखकाचं नाही, त्याच्या कादंबरीतल्या बाईचं, ती खिडकीशी पलंगावर पडून रस्त्यावरून कोण गेलं कोण आलं याचा हिशोब ठेवणारी. इथे खरोखर राहायची ती प्रूस्तच्या वडिलांची बहीण, त्याची सख्खी आत्या, वेगळ्या नावाची. कादंबरीत तर लेओनी सख्खी आत्याही नाही, निवेदकाच्या आजोबांच्या नात्यातल्या एका बहिणीची मुलगी आहे.

जुना भाग पटकन सांगून टाकतो. प्रूस्तचे वडील या गावचे, पुढे पॅरिसला मोठे डॉक्टर झाले, हिंदुस्थानातून युरोपात पोचणारा कॉलरा वाटेतच कसा अडवायचा यावर त्यांनी काम केलं, 1869 मध्ये त्यासाठी पर्शियापर्यंत जाऊन आले. म्युझियम ज्या रस्त्यावर आहे त्याला आज नाव या डॉक्टरांचं आहे, मुलाचं नाही! आत्याच्या नवऱ्याचं गावात कापडाचं दुकान होतं. मुलगा सुट्टीला यायचा तो लहानपणीच, मग दम्याने ते बंद झालं. 1886 मध्ये आत्या वारली तेव्हा तो चौदा-पंधरा वर्षांचा होता. संपलं. उरलेलं आयुष्य जवळपास सगळं पॅरिसमध्ये गेलं.

खरी गोष्ट सुरू होते ती प्रूस्त वारल्यावर, म्हणजे 1922 नंतर, आणि जास्त करून दुसऱ्या महायुद्धानंतर. 1947 मध्ये त्याच्या चाहत्यांचं मंडळ निघालं, आणि मंडळाच्या नावातच 'मार्सेल प्रूस्तचे मित्र' आणि 'कोंब्रेचे मित्र' असे दोन्ही घेतले, कोंब्रे म्हणजे कादंबरीतलं गाव, इलिएवर बेतलेलं, म्हणजे गावाचं नाव बदलायच्या पंचवीसेक वर्षं आधीच मंडळाने मनात बदलून टाकलं होतं. मग घर दाखवायला सुरुवात झाली, 1961 मध्ये ऐतिहासिक वास्तू म्हणून नोंद झाली, 1976 मध्ये घराण्यातल्या एका नातीकडून घर मंडळाकडे आलं.

आणि मधे 1971. जन्मशताब्दीचं वर्ष, आणि इलिएचं अधिकृतपणे इलिए-कोंब्रे झालं. फ्रान्समध्ये गावाच्या नावाला लेखकाचं नाव जोडायची रीत आहेच, फर्ने-व्होल्तेर आहे, मिली-लामार्तिन आहे, पण तिथे निदान जोडलेला माणूस खरा होता, इथे जोडलं ते कागदावरचं गाव. बाजूने बोलणारे म्हणतात की त्यात चुकलं काय, तां‌सोंव्हिल हे इथल्या एका वाड्याचं नाव त्याने जसंच्या तसं उचललंय, शेजारच्या मेरेग्लीझ गावाचं एक अक्षर बदलून मेझेग्लीझ केलंय, आत्याच्या नवऱ्याची बाग म्हणजे कादंबरीतल्या स्वान या शेजाऱ्याची बाग, इथली ल्वार नदी म्हणजे कादंबरीतली व्हिव्होन, मग गावाने आपलंच परत घेतलं असं समजा. मुद्दा अगदीच फालतू नाही.

पण याच लेखकाने पुढे काय केलं ते बघा. पहिलं महायुद्ध सुरू झालं, कादंबरीचा पहिला भाग 1913 मध्ये येऊन गेलेला, आणि त्याला कोंब्रे युद्धात ओढायचं होतं, इलिए तर आघाडीपासून लांब, म्हणून त्याने सरळ अख्खं कोंब्रे उचलून पूर्वेला रॅंस शहराच्या बाजूला नेऊन ठेवलं, पहिल्या भागाच्या 1919 च्या आवृत्तीत शार्त्रचे उल्लेखसुद्धा त्यासाठी बदलले. 1927 मध्ये आलेल्या शेवटच्या भागात मेझेग्लीझची लढाई आठ महिन्यांहून जास्त चालते, आणि कोंब्रेचं चर्च पाडलं जातं. इलिएचं चर्च मात्र जागेवर आहे, पर्यटक फोटो काढतात. म्हणजे लेखकाने जे गाव मुद्दाम इथून हलवलं तेच 1971 मध्ये सरकारी शिक्का मारून परत आणलं. शिवाय कोंब्रेतल्या घरात पॅरिसमधल्या ओतई भागातल्या घराचाही वाटा आहे, आईच्या काकांचं, जिथे तो जन्मला, ते पुढे पाडलं गेलं, त्यामुळे त्याच्या बाजूने भांडायला कुणी उरलं नाही. आणि लेखकाचं खाजगी आयुष्य बघून त्याचं लिखाण कळत नाही हे ठासून सांगणारा हाच माणूस. मला तरी हे नामांतर पाहुण्यांसाठीच वाटतं, वाचकांसाठी कमी.

पाहुणे आले हे खरं. मॅडलेन म्हणजे छोटा केक, कादंबरीत तो चहात बुडवून खाल्ल्यावर निवेदकाला सगळं बालपण आठवतं, तर ते विकणाऱ्या बेकरीवर लेओनी आत्या इथूनच मॅडलेन घ्यायची अशी पाटी लागली, कादंबरीतल्या बाईची खरेदी, आणि गंमत म्हणजे सुरुवातीच्या खर्ड्यात मॅडलेन नव्हतंच, साधा भाजलेला पाव होता.

अलीकडे घर मोठ्या दुरुस्तीसाठी बंद होतं, 2024 मध्ये परत उघडलं. पण आत जाताना एवढं लक्षात ठेवा की खोल्या कादंबरीला धरून मांडल्यात, आत्याच्या खोलीत चहाचं सामान, व्हिशीच्या पाण्याची बाटली, मॅडलेन, सगळं पुस्तकातलं. तो ज्या पलंगावर पडून लिहायचा तो पलंग आणि आवाज येऊ नये म्हणून भिंतींना बूच लावलेल्या त्याच्या खोलीतलं सामान बघायचं असेल तर इलिएला नाही, पॅरिसच्या कार्नाव्हाले म्युझियममध्ये जावं लागतं, आणि तिथल्या कायमच्या दालनांना तिकीट नाही.