बातमी नसलेल्या दिवशी बाजार का कोसळला?

सेन्सेक्स हजारभर अंकांनी घसरला की आमच्या इंदुरात संध्याकाळपर्यंत दोन स्पष्टीकरणं फिरू लागतात. अमुक बातमी आली म्हणून पडला, किंवा अमुक ग्रह वक्री झाला म्हणून पडला. खरं तर हे शहर सट्ट्याला नवखं नाही. कापसाचे मोठे व्यापारी सर सेठ हुकुमचंद यांच्या काळापासून कापसाचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे पण भाव आजच ठरवलेले सौदे, इथे जोरात चालत आणि तेजी-मंदीची भाषा सराफ्याच्या ओट्यांवर मुरलेली आहे. तरीही बाजाराची स्वतःची रचनाच त्याला खाली खेचू शकते, हे तिसरं कारण चर्चेत क्वचितच येतं.

परवा रामबागेतला एक शेजारी तरुण मला म्हणाला, “काका, मी स्टॉपलॉस लावूनच बसतो. भाव पडला की आपोआप विकलं जातं. मग धोका कसला?” नेमका हाच विश्वास १९८७ मध्ये अमेरिकेतल्या मोठमोठ्या पेन्शन फंडांना होता, आणि त्याचं पुढे काय झालं हे गणिताच्या दृष्टीने फार शिकण्यासारखं आहे.

सोमवार, १९ ऑक्टोबर १९८७. न्यूयॉर्कचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात ५०८ अंकांनी, म्हणजे २२.६ टक्क्यांनी पडला. १९२९ च्या प्रसिद्ध पडझडीत २८ आणि २९ ऑक्टोबर या दोन दिवसांत मिळून जेवढी घसरण झाली होती, जवळपास तेवढी इथे एका दिवसात झाली. कारणं अगदीच नव्हती असं नाही. व्याजदर चढत होते, व्यापारी तूट अपेक्षेपेक्षा मोठी निघाली होती, कंपन्या ताब्यात घेण्याच्या व्यवहारांवर कर बसवण्याचा प्रस्ताव आला होता. आधीच्या बुधवार ते शुक्रवारात बाजार दहा टक्क्यांच्या आसपास घसरलाही होता. पण त्या शनिवार-रविवारी युद्ध पेटलं नाही की एखादी मोठी बँक बुडाली नाही. देशातल्या साऱ्या कारखान्यांची किंमत सोमवारी पाचव्या हिश्शाहून जास्त घटावी असं काहीही घडलेलं नव्हतं.

अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट शिलर यांनी त्याच आठवड्यात गुंतवणूकदारांना प्रश्नावल्या पाठवल्या. जवळजवळ नऊशे जणांची उत्तरं आली. कोणती बातमी तुम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटली, या प्रश्नावर लोकांनी सर्वाधिक वजन दिलं ते भाव पडत असल्याच्या बातमीला. भाव पडले कारण भाव पडत होते. ऐकायला हे निरर्थक वाटतं, पण भौतिकशास्त्रात अशा गोष्टीला नाव आहे: धन प्रत्याभरण, म्हणजे पॉझिटिव्ह फीडबॅक. गणेशोत्सवात माइक स्पीकरच्या समोर आला की जी कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू होते, ती याच तत्त्वावर. स्पीकरचा बारीक आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर पडतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो. सुरुवातीचा आवाज कोणाचा होता याला नंतर महत्त्व उरत नाही.

आता बाजारातली ही वाट कशी तयार झाली ते पाहू. त्या काळात ‘पोर्टफोलिओ इन्शुरन्स’ नावाची पद्धत लोकप्रिय होती. हेन लेलंड आणि मार्क रुबिनस्टाईन हे बर्कलेचे प्राध्यापक तिचे जनक. नाव विम्याचं असलं तरी त्यात विमा कंपनी नव्हती, फक्त एक नियम होता. मूळ सूत्रं ऑप्शनच्या, म्हणजे ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याच्या हक्काच्या, किमतीच्या सिद्धांतातून येतात आणि बरीच अवघड आहेत; मी त्यांचा सोपा भाऊबंद घेतो.

समजा फंडाकडे १०० कोटी आहेत आणि काहीही झालं तरी ८० कोटींखाली जायचं नाही. म्हणजे गमवायची तयारी २० कोटींची; हिला ‘उशी’ म्हणू. नियम असा, की या उशीच्या चौपट रक्कम शेअरमध्ये ठेवायची. म्हणजे ८० कोटी शेअरमध्ये, २० रोख. बाजार ५ टक्के पडला. शेअर ७६ कोटींचे झाले, एकूण ९६, उशी उरली १६. तिची चौपट ६४. म्हणजे ७६ मधले १२ कोटींचे शेअर ताबडतोब विकायचे. नीट पाहा, तोटा झाला ४ कोटींचा आणि विक्री करायची १२ कोटींची. बाजार अजून ५ टक्के पडला, तर आणखी ९.६ कोटी विका. स्टॉपलॉस एकदाच उडतो. हा पायरीपायरीने उडत राहणारा स्टॉपलॉस आहे.

एका फंडाने हे केलं तर बाजाराला पत्ताही लागत नाही, आणि सिद्धांत तेच गृहीत धरतो: माझ्या विक्रीने भाव हलत नाही. पण १९८७ मध्ये या पद्धतीखाली ६० ते ९० अब्ज डॉलरची गुंतवणूक होती. इतक्या रकमेने एकाच नियमाने एकाच वेळी विकायला घेतलं तर भाव हलणारच.

किती हलणार, हे दहावीनंतरच्या भूमिती श्रेढीत बसतं. बाहेरच्या कारणाने बाजार १ टक्का पडला. त्यामुळे जी सक्तीची विक्री झाली तिने तो आणखी ग टक्के पडला. त्या घसरणीने पुन्हा विक्री, पुन्हा ग × ग टक्के. एकूण घसरण १ + ग + ग² + ग³ ... म्हणजेच १ भागिले (१ − ग). ग ०.५ असेल तर १ टक्क्याचे २ होतात. ०.८ असेल तर ५. ०.९ ला १०, ०.९५ ला २०. आणि ग एकच्या वर गेला तर श्रेढी थांबतच नाही. नवे खरेदीदार आले किंवा विकणाऱ्यांचा साठा संपला तरच ती थांबते. मला या सूत्रात सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की ०.५ आणि ०.६ यांत फारसा फरक नाही, पण ०.९ आणि ०.९५ यांत दुपटीचा आहे. बाजार काठाजवळ सरकत असतो तेव्हा वरून सगळं शांत दिसतं.

हा ग कशावर ठरतो? नियमाने विकणारे किती आणि समोर स्वखुशीने घेणारे किती यांच्या प्रमाणावर. आणि इथे दुसरी अडचण. अर्थशास्त्रज्ञ सॅनफर्ड ग्रॉसमन यांनी १९८८ मध्ये ती मांडली. लोकांनी संरक्षणासाठी खरोखरचे पुट ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर विकण्याचे हक्क, विकत घेतले असते, तर त्यांचा भाव चढला असता आणि किती लोक घाबरलेले आहेत हे सर्वांना दिसलं असतं. पण संरक्षण संगणकातल्या नियमात लपलेलं असेल तर ‘भाव इतका झाला की मी विकणार’ हा इरादा कुठेच नोंदला जात नाही. मग विक्रीची लाट आली की समोरच्याला वाटतं, यांना काहीतरी ठाऊक आहे जे मला नाही. तो खरेदी थांबवतो. घेणारे कमी झाले म्हणून ग आणखी वाढतो.

अमेरिकी सरकारने नेमलेल्या ब्रॅडी समितीच्या अहवालात एक आकडा आहे. शुक्रवार संध्याकाळपर्यंत या नियमांनुसार किमान १२ अब्ज डॉलरची विक्री व्हायला हवी होती. झाली होती चार अब्जांहून कमी. उरलेली थकबाकी सोमवार सकाळची वाट पाहत होती. शिकागोचा वायदे बाजार न्यूयॉर्कच्या भावापेक्षा खूप खाली उघडला. तो फरक साधणारे संगणक स्वस्त वायदे घेऊन न्यूयॉर्कमध्ये शेअर विकू लागले आणि घसरण इकडून तिकडे वाहू लागली. ६० कोटींहून जास्त शेअरची उलाढाल झाली, भाव छापणारी यंत्रं दोन तासांनी मागे पडली.

संख्याशास्त्रातल्या घंटेच्या आकाराच्या वक्राने (नॉर्मल वितरणाने) हिशेब केला तर असा दिवस विश्वाच्या वयातही यायला नको. पण तो वक्र असंख्य स्वतंत्र निर्णयांच्या बेरजेला लागू पडतो, आणि त्या दिवशी निर्णय स्वतंत्र नव्हते.

ग्रहांबद्दलही इथेच सांगतो. ग्रहांच्या जागा शंभर वर्षं आधी काढता येतात. बाजार त्यांच्यामुळे पडत असता तर जाणकारांनी आदल्याच दिवशी विकलं असतं आणि पडझड एक दिवस अलीकडे आली असती, मग आणखी एक दिवस अलीकडे. तारीख सांगणारं कोणतंही भाकीत या तर्कातून सुटत नाही, मग ते पंचांगातलं असो वा फोनवर ‘शुअर कॉल’ विकणाऱ्याचं. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने इंदूरच्या कित्येक सल्लागार फर्मांवर कारवाई केली आहे, आणि सेबीच्याच अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदारांना तोटा झाला. घरातल्या मुलांना हे स्पष्ट सांगायला हवं.

१९८७ च्या परिणामांचं म्हणाल तर १९२९ नंतर आली तशी महामंदी आली नाही. मंगळवारी सकाळी फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, बँकांना लागेल ती रोकड पुरवण्याची तयारी जाहीर केली. मार्जिन, म्हणजे सौद्यांसाठीची अनामत, भरण्यासाठी दलालांना कर्ज मिळत राहिलं, म्हणून एकाच्या दिवाळ्याने दुसरा बुडाला नाही. दोन वर्षांच्या आत डाऊ पूर्वीच्या उंचीवर परतला. हाँगकाँगने मात्र बाजार चार दिवस बंद ठेवला, आणि उघडताच तो एका दिवसात तेहतीस टक्के पडला. मोठ्या घसरणीपासून वाचवणारे पुट ऑप्शन तेव्हापासून जे महाग झाले ते आजही महागच आहेत.

कायमचा बदल म्हणजे सर्किट ब्रेकर, ठरावीक घसरण झाली की व्यवहार थांबवणारा नियम. आपल्याकडे २००१ पासून निर्देशांकाला १०, १५ आणि २० टक्क्यांचे टप्पे आहेत. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स १३ टक्क्यांहून जास्त पडला तेव्हा व्यवहार मध्येच थांबवावे लागले होते. थांबल्यावर खरेदीदारांना विचार करायला वेळ मिळतो आणि ग खाली येतो, ही कल्पना. पण टप्पे फार जवळ ठेवले तर उलटंच घडतं. चीनने १ जानेवारी २०१६ पासून ५ टक्क्यांना पंधरा मिनिटं विश्रांती आणि ७ टक्क्यांना दिवसभर बंद, असा नियम लावला. ७ टक्के गाठले की दार बंद होणार हे कळल्यावर प्रत्येक जण त्याआधी बाहेर पडायला धावला. ४ जानेवारीला बाजार बंद पडला. ७ जानेवारीला तर अर्ध्या तासाच्या आतच. त्याच रात्री चीनने नियम स्थगित केला.