'नो एग्झिट'च्या आधीची 17 वर्षं

फेब्रुवारी 1979 मध्ये ब्लाँडी या अमेरिकन बँडचं 'हार्ट ऑफ ग्लास' हे गाणं ब्रिटनच्या गाण्यांच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. फेब्रुवारी 1999 मध्ये त्याच जागी त्याच बँडचं 'मारिया' जाऊन बसलं. गायिका डेबी हॅरी तेव्हा 53 वर्षांची होती. 'मारिया' ज्या अल्बममधलं, तो 'नो एग्झिट' त्याच महिन्यात आला. त्याआधीचा अल्बम होता 1982 चा. मधली बहुतेक वर्षं हा बँड अस्तित्वातच नव्हता.

हॅरी आणि गिटारवादक ख्रिस स्टाइन यांनी 1974 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ब्लाँडी उभा केला. सीबीजीबी या क्लबात पंक, म्हणजे रांगडा, बंडखोर रॉक वाजवणाऱ्यांच्या गर्दीत ते वाढले. त्या गर्दीला डिस्कोचा तिटकारा होता. 'हार्ट ऑफ ग्लास' मात्र 1975 पासून त्यांच्याकडे होतं आणि आपापसात ते त्याला 'डिस्कोचं गाणं' असंच म्हणत. निर्माता माइक चॅपमनने 1978 च्या 'पॅरलल लाइन्स'साठी ते घासूनपुसून घेतलं आणि बँड जगभर पोहोचला. जुन्या सोबत्यांपैकी काहींनी 'विकले गेले' असा शिक्का मारला. मला तर ते या बँडचं सगळ्यात धाडसी पाऊल वाटतं.

1982 मध्ये 'द हंटर' हा अल्बम पडला, अमेरिकेचा दौरा अर्धवट सुटला आणि बँड मोडला. पैशांचे वाद होते, अमली पदार्थ होते. पण सगळ्यात मोठं संकट स्टाइनच्या आजारपणाचं होतं. त्याला पेम्फिगस झाला होता. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच त्वचेवर उलटते, अंगावर आणि तोंडात फोड येतात. स्टाइन मरणाच्या दारातून परत आला. हॅरीने स्वतःचं काम बाजूला ठेवून त्याची शुश्रूषा केली. त्याच काळात थकलेल्या करापायी त्यांचं घरही गेलं. प्रसिद्धीच्या शिखरावरून उतरलेल्या गायिकेची ती वर्षं इस्पितळात गेली, ही गोष्ट तिच्या सोनेरी केसांइतकी कधीच सांगितली गेली नाही.

त्याच दशकाच्या अखेरीस दोघांचं प्रेमाचं नातं संपलं, मैत्री टिकली. म्हणूनच नव्वदीच्या मध्यावर स्टाइनने बँड पुन्हा जमवायचं काढलं, तेव्हा सुरुवातीला नाखूश असलेली हॅरी शेवटी तयार झाली. ड्रमर क्लेम बर्क आणि कीबोर्डवादक जिमी डेस्ट्री आले, 'मारिया' डेस्ट्रीचंच. फ्रँक इन्फँटे आणि नायजेल हॅरिसन या जुन्या सदस्यांना मात्र घेतलं नाही आणि ते कोर्टात गेले. ही कटुता 2006 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या संगीतातल्या मोठ्या सन्मानाच्या मंचावरही दिसली.

जुन्या हिट गाण्यांवर दौरे करून पोट भरता आलं असतं. त्यांनी नवी गाणी केली. 1981 च्या 'रॅप्चर'मध्ये हॅरीने रॅप केला होता. आता शीर्षकगीतात तिच्यासोबत रॅपर कुलिओ होता. मला सगळ्यात जवळचं वाटतं ते 'अंडर द गन'. स्टाइनने ते जेफ्री ली पीअर्सच्या आठवणीत लिहिलं. पोरवयात ब्लाँडीचा चाहता संघ चालवणारा पीअर्स पुढे 'द गन क्लब'चा गायक झाला. 1982 मध्ये, ब्लाँडी मोडत होता त्याच वर्षी, त्याच्या बँडचा 'मायामी' या अल्बमचा निर्माता स्वतः स्टाइन होता. 1996 मध्ये, 37 व्या वर्षी, पीअर्स गेला.