मारियो सोआरेस

सोआरेस, मारियो : (७ डिसेंबर १९२४ – ७ जानेवारी २०१७). पोर्तुगालचे राष्ट्राध्यक्ष (१९८६–९६), दोन वेळा पंतप्रधान आणि तेथील समाजवादी पक्षाचे संस्थापक. गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने ज्या कराराने मान्य केले, त्यावर पोर्तुगालतर्फे सही सोआरेस यांची आहे आणि भारतातर्फे यशवंतराव चव्हाणांची.

जन्म लिस्बनचा. वडील धर्मोपदेशकाची वस्त्रे उतरवून प्रजासत्ताकवादी राजकारणात आलेले. काही काळ वसाहतमंत्री होते, पुढे त्यांनी लिस्बनमध्ये शाळा काढली. त्या शाळेत मारियोंना शिकवायला होते तरुण कम्युनिस्ट आल्वारो कुन्याल. विद्यार्थिदशेत सोआरेसही कम्युनिस्टच होते. नंतर ते दूर झाले आणि गुरुशिष्यांचे आयुष्यभराचे वैर जडले. हुकूमशहा सालाझारच्या गुप्त पोलिसांनी सोआरेस यांना बारा वेळा अटक केली. १९४९ मध्ये अभिनेत्री मारिया बारोसो यांच्याशी लग्न झाले, तेही तुरुंगातच. गुप्त पोलिसांनी १९६५ मध्ये खून केलेले विरोधी नेते जनरल देल्गादो यांच्या कुटुंबाचे वकीलपत्र त्यांनी घेतले. १९६८ मध्ये खटला न चालवताच त्यांना साओ तोमे बेटावर धाडण्यात आले, १९७० पासून फ्रान्समध्ये विजनवास. समाजवादी पक्षाची स्थापनाही एप्रिल १९७३ मध्ये परक्या भूमीवर, पश्चिम जर्मनीत झाली.

२५ एप्रिल १९७४ रोजी लष्करी अधिकाऱ्यांनी हुकूमशाही उलथवली. तीनच दिवसांत सोआरेस पॅरिसहून आगगाडीने लिस्बनला उतरले आणि मे महिन्यात परराष्ट्रमंत्री झाले. गोव्याचा प्रश्न तेरा वर्षे अडून बसला होता, कारण सालाझारने १९६१ चा निकाल अखेरपर्यंत मानला नव्हता. ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत करार झाला. गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेली हे प्रदेश भारतीय संविधानानुसार ज्या तारखांना भारतात आले, त्या तारखांपासूनच पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. मागील तारखेपासूनची ही मान्यता भारताच्या दृष्टीने कळीची होती. सोआरेस पुढे १९९२ च्या प्रजासत्ताक दिनाचे प्रमुख पाहुणेही झाले.

आफ्रिकेतील वसाहती इतक्या सहजी सुटल्या नाहीत. अंगोला, मोझांबिकमधून सुमारे पाच लाख लोक पोर्तुगालला परतले आणि त्यांतल्या अनेकांनी आपल्या वाताहतीचे खापर सोआरेस यांच्यावर फोडले. हा आरोप पुरता न्याय्य नाही. लढायचे नाही हे सैनिकांनी आधीच ठरवले होते, वाटाघाटींत पणाला लावायला मंत्र्याच्या हाती फारसे काही उरले नव्हते.

१९७५ मध्ये देश कम्युनिस्टांच्या हाती जाणार, अशी हवा होती. अमेरिकी परराष्ट्रमंत्री किसिंजर यांनी तर सोआरेस यांचा केरेन्स्की (१९१७ मध्ये बोल्शेविकांनी सत्तेवरून हटवलेला रशियाचा पंतप्रधान) होणार असे भाकीत केले होते. संविधानसभेच्या निवडणुकीत मात्र समाजवाद्यांना जवळपास ३८ टक्के मते पडली. पंतप्रधान म्हणून (१९७६–७८, १९८३–८५) सोआरेस यांनी दोन्ही वेळा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटींखाली काटकसर लादली आणि लोकांचा रोष ओढवून घेतला. युरोपीय समुदायाचे सदस्यत्व ही त्यांची खरी कमाई.

१९८६ ची अध्यक्षीय निवडणूक त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत चुरशीची. सुरुवातीच्या पाहण्यांत पाठिंबा जेमतेम ८ टक्के. जानेवारीत मारिन्या ग्रांद या काचकामगारांच्या गावी त्यांना मारहाण झाली. दूरदर्शनवर ते दृश्य देशाने पाहिले आणि प्रचाराला कलाटणी मिळाली. पहिल्या फेरीत उजव्या फ्रेइतास दो अमाराल यांना ४६ टक्के, सोआरेस यांना २५. दुसऱ्या फेरीत कम्युनिस्ट नेते कुन्याल यांनी नाक मुठीत धरून कार्यकर्त्यांना सांगितले : मतपत्रिकेवरचा सोआरेसचा फोटो हाताने झाका, पण फुली तिथेच मारा. सोआरेस ५१ टक्क्यांनी जिंकले आणि साठ वर्षांतले पहिले बिगरलष्करी राष्ट्राध्यक्ष ठरले.

पदावर असताना ते सरकारी प्रासादाऐवजी स्वतःच्या घरीच राहत. एकेका जिल्ह्यात मुक्काम ठोकून कारभार पाहण्याची ‘खुली अध्यक्षता’ त्यांनी रूढ केली. १९८७ मध्ये पंतप्रधान कावाको सिल्वा यांचे अल्पमतातले सरकार पडले. डावे पक्ष पर्यायी सरकार द्यायला तयार होते, तरी सोआरेस यांनी संसद विसर्जित केली. परिणामी सिल्वा यांना निर्विवाद बहुमत मिळाले आणि पुढची आठ वर्षे याच पंतप्रधानाशी त्यांची धुसफूस चालली. १९९१ ची फेरनिवडणूक ७० टक्के मतांनी सोपी गेली, कारण सिल्वांच्या पक्षानेही त्यांनाच पाठिंबा दिला होता. २००६ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, ते पुन्हा उभे राहिले आणि १४ टक्क्यांवर तिसरे आले. ही उमेदवारी टाळली असती तर बरे झाले असते, असे त्यांच्या चाहत्यांपैकीही कित्येकांना वाटले.

लिस्बनमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा मूळचे गोमंतकीय घराण्यातले पंतप्रधान आंतोनियो कोस्ता भारताच्या शासकीय दौऱ्यावर होते. दौरा अर्धवट न सोडल्यामुळे ते अंत्यविधीला पोहोचू शकले नाहीत, आणि त्यावरून पोर्तुगालमध्ये त्यांच्यावर टीकाही झाली.